वाघजाईने उचललेला भार

१. सहाणेवर

भिकाजी मेला तेव्हा फणस फोडत होता. वैशाखातली दुपार, कातळकोंडातली माणसं जेवून आडवी झालेली, आणि हा एकटा सहाणेवर कोयता घेऊन बसलेला. सहाण म्हणजे शिमग्यात वाघजाईची पालखी जिथे टेकवतात तो चिऱ्यांचा ओटा. त्याच्या वरच्या अंगाला, दोन खांबांच्या मधे, गावाची डीपी. सरकारी कागदात तिला रोहित्र म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ट्रान्सफॉर्मर. कातळकोंडात ती डीपीच. आधी ती घोरल्यासारखी गुरगुरली, मग तिच्या अंगातून धूर निघाला, आणि भिकाजी मान वर करेपर्यंत टाकीची शिवण उसवली. पेटलेलं तेल उतारावरून थेट सहाणेवर आलं.

हा भिकाजी पालखीच्या पुढच्या खांद्याचा मानकरी. ज्या ओट्यावर जन्मभर देवी टेकवली, त्याच ओट्यावरून त्याला चादरीत गुंडाळून उचललं.

कारण सापडायला गावाला वेळ लागला नाही. डीपीत तेल कमी होतं. तेल कमी म्हणजे आतली वेटोळी उघडी पडणार, उघडी पडली की तापणार, तापली की भडका. आणि तेल कमी का, तर ते आणणाऱ्या टेम्पोवाल्याने वाटेत काढून विकलं. टेम्पोवाला उमेर, खाडीकाठच्या मोहल्ल्यातला. भिकाजीची बायको कमळा, तिने स्वतः तक्रार दिली. पोलीस उमेरला घेऊन गेले.

मी रत्नागिरीत दीपालीताईंच्या कीर्तनाला पेटीची साथ करतो. ताई सकाळी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी नारदाच्या गादीवर उभ्या राहतात. त्या सकाळी आम्ही दोघं कातळकोंडच्या उत्सवातल्या कीर्तनासाठी पदं बसवत होतो, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून ओढणी, पायांवर धूळ. उमेरची आई झुबेदा. बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत, पाणी दिलं तर घेतलं नाही.

"ताय, रामनवमीला कीर्तनात तुमी माज्या लेकाचं नाव घेतलंत," त्या म्हणाल्या. "डीपीला खांदा देनारा मुसलमानाचा पोर, म्हनून. सगळ्यांनी मला येऊन सांगितलं. मी खूश झाली. आता तेच लोक त्याला चोर बोलतायत. मग आता पन घ्या त्याचं नाव."

ताईंनी हातातली चिपळी खाली ठेवली.

२. जो चमत्कार आम्ही सांगितला

ती गोष्ट इथे सांगायलाच हवी. सगळं तिच्यातच आहे.

आदल्या पावसाळ्याच्या अखेरीला वीज पडून कातळकोंडची डीपी जळाली होती. गाव अंधारात. दुरुस्ती मिळाली रत्नागिरीतल्या हर्षदशेठच्या कारखान्याला. हर्षदशेठचं आजोळ कातळकोंड. वाघजाईच्या देवळाचा सभामंडप त्यांनी बांधून दिलेला, उत्सवातलं कीर्तनही त्यांच्याकडून. शिमग्याच्या तोंडाशी दुरुस्त डीपी उमेरच्या टेम्पोतून आली. पण टेम्पो साकवापर्यंतच. पुढे ओढ्यावरचा तो अरुंद पूल, आणि त्यापुढे उभी पाखाडी, चिऱ्याच्या पायऱ्यांची. यंत्र माणसांनीच वर न्यायचं.

अशा वेळी टाकीतलं तेल काढून वेगळं नेतात. यंत्र पुरुषांच्या खांद्यावर, तेलाचे डबे बायकांच्या डोक्यावर. पहिल्यांदा ही डीपी आली तेव्हाही असंच झालं होतं, आणि तेव्हा पुरुषांच्या खांद्यांना सूज आली होती. साकवाजवळ सगळे तोंड पाडून उभे. तेव्हा हर्षदशेठ म्हणाले, पालखीची दांडी आणा. तिला यंत्र बांधा. आई भार घेईल.

देवीच्या दांडीला यंत्र बांधायचं म्हणजे कौल हवा. कौल लावला, उजवा पडला, म्हणजे देवीचा होकार. शेठनी नारळ फोडला. मधोमध दांडी, दोन्ही अंगांना बांबू, पुढे भिकाजी. एक गडी कमी पडला म्हणून टेम्पो सोडून उमेरने खांदा दिला. आईचं नाव घेऊन उचललं, आणि भिकाजी ओरडला, "हलकी झाली रे, आई बसली रे दांडीवर."

इतकी हलकी, की पाखाडीवर एकदाही टेकवावी लागली नाही. माणसं रडत वर पोचली. पालखी कधी जड होते, कधी फुलासारखी होते, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, देवीची मर्जी. पण यंत्र हलकं झालेलं कुणी पाहिलं होतं?

बायकांची मात्र वेगळीच तऱ्हा झाली. पहिल्या वेळेइतकंच आणलेलं सगळं तेल ओतलं तरी टाकी भरेना. उमेर पुन्हा रत्नागिरीला जाऊन आणखी डबे घेऊन आला, आणि बायकांना तीच पाखाडी पुन्हा चढावी लागली. तेव्हा कमळा म्हणाली होती, "आयनं पुरुषांच्या खांद्यावरचं काढलंन आन् आमच्या डोसक्यावर दिलंन. बाय असून बायांचीच वैरीण." सगळे पोट धरून हसले.

हर्षदशेठनी ही हकिकत ताईंना सांगितली, आणि ताईंनी रामनवमीला ती दृष्टांत म्हणून लावली. मंडपात माणसांचे डोळे पाणावले. माझ्या पेटीच्या पट्ट्याही ओल्या झाल्या. खोटं कशाला बोलू.

झुबेदा गेल्यावर ताई म्हणाल्या, उत्सवाला आपण एक दिवस आधी जायचं.

३. पाटीप्रमाणे

पाखाडी चढताना ताईंनी मला विचारलं, की उमेरने तेल चोरलं असतं, तर तो पुन्हा डबे आणायला कशाला गेला असता? मी म्हणालो, चोरी लपवायला. त्या म्हणाल्या, असेल. तसंही असेल.

जळकी डीपी खांबावरून उतरवून सहाणेच्या कडेला ठेवलेली. टाकीची फाट बोटभर, आत नुसती काजळी. ताईंनी पदराने एक कोपरा पुसला. तिथे चांगला मोठा पोचा निघाला. पहिल्यांदा वर नेताना ती पायरीवर आदळली होती, त्याची खूण, असं गावातल्यांनी सांगितलं. म्हणजे टाकी तीच, जुनीच. पाटीही तीच, वजन आणि तेल किती ते कोरलेली. मग त्या जमिनीकडे बघत राहिल्या. तेलाचा काळा डाग उतारावरून सहाणेवर चढून पलीकडच्या दगडी गडग्यापर्यंत गेला होता.

"एवढं तेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कमी होतं म्हणतात ना?"

रितेशची काजूची फॅक्टरी सहाणेच्या पाठीमागेच. गावातल्या काही जणांचा उमेरच्या आधी त्याच्यावर संशय होता: त्याच्याच मोटारींनी डीपी जाळली म्हणून. रितेश मुंबईहून परत आलेला, बोलायला तिखट. म्हणाला, कनेक्शन कागदोपत्री आहे, मोटारी पहिल्या दिवसापासून तेवढ्याच आहेत, एक वाढवलेली नाही. "तीच डीपी वर्षानुवर्षं माझी फॅक्टरी ओढत होती, ताई. ती वीज पडून गेली, माझ्यामुळे नाही. दुरुस्त होऊन आली आणि म्हातारी झाली का? ते दुरुस्त करणाऱ्याला विचारा ना. पण त्याला कोण विचारणार, त्याने मंडप बांधलाय."

रघू लाइनमन सापडला तो विहिरीवर, तोंड धूत बसलेला. कंत्राटावरचा माणूस. ताईंनी विचारलं, फ्यूज कुठला घातला होता? भार वाढला की फ्यूज आधी जळायला हवा, तो का जळला नाही? रघूने पाटीप्रमाणे बरोबर फ्यूज घातला होता. पोलिसांनीही तो पाहिला, चूक सापडली नाही. मग ताईंनी विचारलं, चालू केली तेव्हा तेल कुठवर होतं.

रघूने आजूबाजूला बघितलं.

"तेलाच्या काचेत पुरं दिसत व्हतं, ताय. खुणेपर्यंत. त्याशिवाय मी चालूच करनार नाय."

"मग तेल कमी नव्हतं."

"नव्हतं."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"मला कोनी इचारलं?" रघू म्हणाला. "आनि माजं कंत्राट शेठच्या शब्दावर हाय. डबे संपले तवा शेठ निघून गेलेले, मी फोन केला. बोलले, मागेल तेवढं घाल, बोलू नको."

परत येताना ताई पाखाडीवर मधेच थांबल्या. आणलेले डबे पुरे भरलेले असतील, तर पाटीवर लिहिलं होतं तेवढं तेल आत गेलं, आणि वर आणखी गेलं. म्हणजे चोरी झालीच नसेल. पण मग त्याच टाकीत जास्तीचं तेल मावलं कुठे?

"काका," त्या म्हणाल्या, "भिकाजी खोटं बोलला नाही. ती खरंच हलकी झाली होती. मला भीती वाटते ती त्याचीच."

४. कोयता

कमळा ओटीवर बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. शेजारी तिची जाऊ सखू, तिने पाट टाकले.

"त्या उमेरच्या बाजूनं आलाव काय?" कमळाने सरळ विचारलं. "त्याची आय तुमच्या दारात येऊन रडली ते कळलं मला. माज्या दारात कोन येनार रडायला?"

ताई खाली मान घालून बसल्या. त्यांनी बाजू घेतली नाही, समजूतही काढली नाही. भिकाजीचं विचारलं. तो पालखी कशी नाचवायचा, शिमग्यात किती दिवस घरात जेवायचा नाही. हळूहळू कमळाचा आवाज सैल झाला. दारातली तुळस तिने दाखवली. पत्र्याच्या चौकोनी डब्यात लावलेली. पहिल्यांदा डीपी आली तेव्हा तेलाचा एक डबा उरला होता, तो भिकाजीने घरी आणला, तेल विळ्या-कोयत्यांना संपलं आणि डब्यात तुळस आली.

"उरला होता?" ताईंनी विचारलं.

"उरला. तवा उरला, आन् ह्या वक्ताला पुरला नाय. त्या पोरानं खाल्लंन, दुसरं काय." मग तिने कोपऱ्यातला कोयता उचलला आणि मांडीवर घेतला. पात्यावर अजून फणसाचा चीक वाळलेला. "ह्याच कोयत्यानं त्या दिवशी मी डब्यांची तोंडं फोडली. ह्याच कोयत्यानं ह्यो फनस फोडीत व्हता. कोयता ऱ्हायला, बगा."

सखूने डोळ्याला पदर लावला. मलाही त्या बोलण्यात दुःखच ऐकू आलं. ताईंना मात्र आणखी काही ऐकू आलं असावं, कारण त्या कोयत्याकडे बघत राहिल्या.

आम्ही निघताना सखू दारापर्यंत आली. म्हणाली, उद्या कीर्तन झालं की ती जळकी अवदसा एकदाची जाते. हर्षदशेठनी अर्ज दिलाय. सरकारी तपासनीस येईपर्यंत डीपी आपल्या कारखान्यात सुरक्षित ठेवतो म्हणाले. टेम्पो साकवावर येऊन उभा राहणार. उचलायला पुन्हा आपलीच माणसं.

कारखान्यात गेली की ती उघडून पुन्हा मिटायला एक दुपार पुरली असती. आणि मग उमेर चोर तो चोरच.

५. पूर्वरंग

उत्सवाचं कीर्तन दुपारी होतं. सभामंडप भरलेला. वीज नाही, पंखे नाहीत, बायका पदराने वारा घेत बसलेल्या. पुढे गादीवर हर्षदशेठ. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. नमस्कार करायला आले तेव्हा ताईंच्या पायाला हात लावला. बंदोबस्ताला हवालदार आलेले, ते खांबाला टेकून उभे. मागच्या पायरीशी, मंडपाच्या बाहेर, झुबेदा. तिला कुणी आत या म्हटलं नाही आणि तीही आली नाही.

नमन झालं. ताईंनी निरूपणाला विषय घेतला भार. देव भक्ताचा भार घेतो म्हणजे काय घेतो? एक पद गायल्या, मी पेटीवर धरलं. मग पद सोडून त्या बायकांकडे वळल्या.

विहीर खाली आहे, त्या म्हणाल्या, घर वर. दिवसात ठरावीकच खेपा करता येतात, एकही जास्त नाही. घरात माणसं वाढली, पाणी जास्त लागतं. काय कराल?

"हंडा मोठा घ्यायचा," सखू म्हणाली. बायका हसल्या.

डीपीचंही तेच, ताई म्हणाल्या. वीज आत साठत नाही. एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात ती मधल्या लोखंडातून खेपा करते. सेकंदाला पन्नास; देशभर तेवढ्याच, कातळकोंडसाठी कुणी वाढवून देत नाही. लोखंड म्हणजे हंडा. तांब्याची तार म्हणजे पाखाडी. ती अरुंद केली की दाटी होते, दाटी झाली की घाम फुटतो. गाव मोठं, फॅक्टरी, पंप, म्हणजे हंडा मोठा आणि वाट रुंद. म्हणजे लोखंड जास्त, तांबं जास्त, म्हणून डीपी जड. मोबाइलचा चार्जर खिशात मावतो, कारण त्याच्या पोटात खेपा सेकंदाला हजारो होतात. त्याला पेला पुरतो. आपल्या डीपीला पेला पुरत नाही.

हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली. ऐकायला लागले.

"तर मग," ताई म्हणाल्या, "गाव तेवढंच, खेपा तेवढ्याच. हंडा हलका कसा झाला?"

मंडपात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, आईची कृपा. ताईंनी हात जोडले.

हर्षदशेठ बसल्या जागेवरून हसले. आवाज गोड ठेवून म्हणाले, "ताई, एवढं कोडं नाही ते. आम्ही तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची वेटोळी घातली. चालतं. सगळीकडे घालतात. अॅल्युमिनियम हलकं असतं, म्हणून हलकी लागली. मी भोळ्या माणसांचा आनंद मोडला नाही, एवढाच माझा गुन्हा."

शेठचं म्हणणं पटण्यासारखं होतं. ताई चुकल्या, असंच मला वाटलं.

६. उत्तररंग

"शेठ खरं बोलतायत," ताई म्हणाल्या. "अॅल्युमिनियम चालतं. हलकंही असतं. पण ते तांब्याइतकी वीज ओढत नाही, म्हणून त्याची तार जाड घ्यावी लागते. तार जाड म्हणजे वेटोळं जाडजूड. ते टाकीत जास्त जागा अडवणार. मग टाकीत तेलाला जागा कमी उरणार की जास्त?"

भाताच्या टोपात मोठा नारळ ठेवला तर पाणी कमी मावतं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"कमळाकाकी," ताईंनी विचारलं, "तेल कमी लागलं?"

कमळा खांबाआड बसली होती. तिने पहिल्यांदा शेठकडे पाहिलं, मग मागे, पायरीशी उभ्या झुबेदाकडे.

"पुरलं नाय," ती म्हणाली. "पहिल्या वक्ताला उरला व्हता डबा. ह्या वक्ताला पुरलं नाय."

"वाटेत चोरलं असेल ना उमेरने. डब्यांतूनच काढलं असेल."

ताईंनी हे मुद्दाम म्हटलं, हे मला नंतर कळलं. कमळाचा हात मांडीवर आला, आदल्या दिवशी कोयता धरला होता तसा.

"डब्यांना सील व्हतं," ती म्हणाली, फार हळू. "सगळ्यांना. मी फोडलं. कोयत्यानं. फुटलेला एक पन नव्हता." आणि मग, "मीच फोडलं की."

मागे झुबेदा पायरीवर बसली.

पुढचं ताईंनी गाऊन सांगितलं नाही. साधं, वर्गात सांगावं तसं सांगितलं. सीलबंद डबे पुरे ओतले, वर आणखी ओतलं, काचेत खुणेपर्यंत आलं. टाकी तीच, पोच्याची खूण अंगावर असलेली. तेल जास्त मावलं, म्हणजे आतलं लोखंड-तांबं कमी. अॅल्युमिनियमने ते कमी झालं नसतं, वाढलं असतं. म्हणजे आत दुसरंच लहान यंत्र, एखाद्या वाडीला पुरणारं, मोठ्या टाकीत बसवलेलं. अंगावर पाटी मोठ्याची. रघूने पाटी वाचून मोठ्याचा फ्यूज घातला, म्हणूनच फ्यूज जळला नाही आणि आतलं जळलं. गावाचा भार त्याने शिमग्यापासून वैशाखापर्यंत ओढला, तेच नवल. आणि लोखंडाच्या जागी भरलेलं ते जास्तीचं तेल पेटून उतारावर आलं, जिथे एरवी कधीच पोचलं नसतं. जिथे भिकाजी बसला होता.

"आणखी एकच," ताई म्हणाल्या. "भिकाजीने उचलल्यावर हलकी म्हटलं. पण आई भार घेईल हे कोण आधी म्हणालं? दांडी आणायला कुणी सांगितलं? नारळ कुणी फोडला? उचलायच्या आधी ज्याला हलकी लागणार हे माहीत होतं, त्यालाच चमत्कार हवा होता. नाहीतर एखाद्याने विचारलं असतं, की ही हलकी का."

हर्षदशेठ उठले. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, कीर्तनाची पायरी ओळखून बोला.

हवालदार खांबापासून सुटले. म्हणाले, टेम्पो उभाच आहे, न्यायच्या आधी एकदा झाकण उघडून बघायला काय हरकत आहे. रघूकडे बघितलं. रघूने शेठकडे बघितलं, बराच वेळ. मग पान्हा आणायला गेला.

सगळं गाव सहाणेभोवती. झाकणाचे नट गंजलेले, त्यात काजळी. झाकण सरकलं तेव्हा जळक्या तेलाचा असा भपकारा आला की बायका मागे सरल्या. आत तळाशी, रिकाम्या विहिरीत पडलेल्या कळशीसारखं, लहानसं काळं यंत्र. हलू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडाचे ठोकळे मारलेले. तेही जळून कोळसा झालेले.

पुढचा खांदा देणाऱ्यांतला एक म्हातारा वाकून आत बघत राहिला. म्हणाला, "ह्याच्यासाठी आमी रडलो?"



७. जड

उमेर सुटला. हर्षदशेठवर गुन्हा दाखल झाला, आणि त्यांना जामीनही मिळाला. मूळचं यंत्र दुरुस्त होऊन त्यांच्याच आवारात निघालं, दुसऱ्या टाकीत, विकायला तयार. सभामंडपावर त्यांच्या नावाची फरशी अजून आहे. काढायचा ठराव आला होता. गाव म्हणालं, दिलेलं दान परत कसं करायचं.

ताईंना कातळकोंडने पुन्हा बोलावलं नाही. एक वयस्कर मानकरी रत्नागिरीला आले होते, ते घरी येऊन गेले. चहा घेतला, आंबे आणले होते. म्हणाले, "चोर पकडलात, चांगलं क्येलंत. पन पुऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर आयला का उघडी पाडलीत? पोरं आता पालखी जड झाली म्हटलं की हसतात."

ताई म्हणाल्या, आईला नाही उघडी पाडली. आई भार घेते, पण वजनात फसवत नाही. म्हाताऱ्याने मान हलवली. पटल्याची नव्हे. ते गेल्यावर ताई तंबोरा काढून बसल्या, आणि तार लावता लावता उठून आत गेल्या. रामनवमीची ती गोष्ट पुन्हा त्यांच्या तोंडून कधी आली नाही. मीही ती चाल पुन्हा वाजवली नाही. मी देवाला भजणारा माणूस आहे, मरेपर्यंत भजेन. पण त्या चालीपाशी हात थांबतो.

नवी डीपी गणपतीच्या आधी आली. रघूने आम्हाला कळवलं, आम्ही दोघं गेलो. टेम्पो उमेरचाच होता. तालुक्यात त्या घाटात चालवणारा दुसरा कोण मिळणार. पण उमेर साकवाच्या अलीकडेच थांबला. खांद्याला गडी कमी होता तरी हलला नाही, आणि त्याला कुणी ये म्हटलंही नाही.

बायका डबे घ्यायला उतरल्या. पुढे कमळा. ती उमेरसमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. भिकाजीच्या वेळची तीच चुंबळ डोक्यावर होती, ती उगीच पुन्हा बसवली.

उमेरने डबा उचलून तिच्यासमोर धरला. डोक्यावर दिला नाही.

"काकी, आधी सील बघा," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रे."

"नाय. बघा."

तिने बघितलं. त्याने दुसरा धरला. तिने तोही बघितला. सगळे डबे होईपर्यंत तो धरत राहिला आणि ती बघत राहिली, बाकीच्या बायका गप्प उभ्या. शेवटचा डबा तिच्या डोक्यावर ठेवताना त्याने हात लावला, एवढंच. मग जाऊन टेम्पोत बसला आणि काच वर केली.

या वेळी कुणी कौल लावला नाही, पालखीची दांडी आणली नाही. नुसते बांबू. उचलली तेव्हा पुढचा गडी गुडघ्यातून वाकला. तिसऱ्याच वळणावर टेकवावी लागली. माणसं धापा टाकत पायऱ्यांवर बसली, कुणाच्या खांद्याची साल निघालेली, कुणी शिव्या देत होता.

मागून कमळा आली. डोक्यावरचा डबा सावरत थांबली.

"जड हाय?" तिने विचारलं.

"लय जड," पुढचा म्हणाला.

"मग न्या वर," कमळा म्हणाली, आणि त्यांच्या बाजूने पाखाडी चढायला लागली.